रुमालाखालची सवलत

पिंपरी-चिंचवड महानगरपालिका दरसाल मिळकतकराची देयके काढते, तेव्हा त्यांच्याबरोबर सवलतींची एक फेरिस्तही प्रसिद्ध करते. घर महिलेच्या नावे असेल, मालक माजी सैनिक अथवा दिव्यांग असेल, मुदतीपूर्वी सगळा कर एकरकमी भरला असेल, किंवा कार्यालयाच्या खिडकीशी न जाता ऑनलाइन भरणा केला असेल, तर करात किती सूट मिळावयाची हे तीत नमूद असते. या सवलती सर्वांना सारख्या नाहीत, आणि त्या तशा असाव्यात अशी कोणाची अपेक्षाही नाही. निगडी प्राधिकरणातील एखाद्या गृहस्थाला शेजारणीपेक्षा अधिक कर भरावा लागला तर तो कदाचित कुरकुरेल. परंतु तिला सूट का मिळाली आणि आपल्याला का नाही हे त्याला ठाऊक असते, आणि मनात आणलेच तर घर पत्नीच्या नावे करून पुढे ती सूट पदरात पाडून घेण्याचा मार्गही त्याला मोकळा असतो. महावितरणचेही तसेच. देयक निघाल्यापासून सात दिवसांच्या आत भरले तर एक टक्का, डिजिटल मार्गाने भरले तर ०.२५ टक्के आणि तेही पाचशे रुपयांच्या मर्यादेत, कागदी देयक नको असे कळविले तर दर देयकामागे दहा रुपये, असा तो हिशेब आहे. रक्कम किरकोळ असेल, पण नियम चव्हाट्यावर मांडलेला आहे.

आता याच परिसरातील दोन कामगारांची कल्पना करावी. दोघे चाकण औद्योगिक वसाहतीतल्या एकाच कारखान्यात, एकाच पाळीत, शेजारशेजारच्या यंत्रांवर. दोघांची खाती एकाच बँकेत. आणि दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दोघेही चिंचवडातल्या एकाच दुकानातून एकाच बनावटीचा, एकाच किमतीचा फ्रिज घेतात. एकाच्या मोबाइलवर आठवड्यापूर्वीच मेसेज येऊन पडलेला आहे की, या दुकानात कार्ड स्वाइप केल्यास दोन हजार रुपये कॅशबॅक. दुसऱ्याच्या अ‍ॅपमध्ये मात्र ‘ऑफर्स’ या सदराखाली सिनेमाच्या तिकिटावरील किरकोळ सवलतीपलीकडे काही नाही. तो दुकानदाराला विचारतो, तेव्हा उत्तर मिळते, “ते बँकेचं आहे, आमच्या हातात काही नाही.” शाखेत जाऊन विचारतो, तेव्हा तेथला कर्मचारी म्हणतो, “सिस्टिमच ठरवते साहेब, आम्हालासुद्धा दिसत नाही.” दोघेही खोटे बोलत नसतात, आणि प्रकरणाची खरी अडचण त्यांच्या या खरेपणातच आहे.

ही सिस्टिम म्हणजे काही दैवी यंत्रणा नव्हे. कार्डाने व्यवहार घेणाऱ्या प्रत्येक दुकानाला धंद्याच्या प्रकाराप्रमाणे चार अंकी संकेतांक दिलेला असतो. किराणा व सुपरमार्केट यांचा ५४११, पेट्रोलपंपांचा ५५४१, उपाहारगृहांचा ५८१२, अशी ती आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे. खातेदार महिन्याकाठी कोणत्या संकेतांकावर किती खर्च करतो, पगार जमा झाल्यापासून किती दिवसांत शिल्लक तळाला जाते, कार्डाचे बिल पुरते भरतो की ‘मिनिमम ड्यू’ भरून उरलेले पुढे ढकलतो, याची नोंद बँकेच्या दप्तरी आपोआप होत जाते, आणि त्या नोंदींवरून संगणक खातेदारांचे गट पाडतो. कॅशबॅकचे गणित या गटांवर बसविलेले असते. समजा, एखाद्याचा कार्डावरचा खर्च महिन्याला सरासरी सहा हजार आहे. त्याला मेसेज येतो की, या महिन्यात दहा हजार खर्च करा आणि पाचशे रुपये परत मिळवा. हा दहा हजारांचा उंबरठा वाटेल तसा ठेवलेला नसतो. त्याच्या नेहमीच्या खर्चाहून तो इतकाच उंच असतो की पाय उचलला तर पोहोचता येईल, पण न उचलता मात्र पोहोचता येऊ नये. ज्याचा खर्च मुळातच बारा हजार आहे त्याला दहा हजारांची ऑफर देण्यात बँकेला काहीच स्वारस्य नाही, कारण जे आपण होऊन घडणार त्याचे बक्षीस कोण देईल? आणि ज्याने कार्ड सहा महिने पाकिटातून बाहेरच काढले नाही, किंवा खाते दुसरीकडे हलविण्याची चिन्हे दाखविली, त्याच्यापुढे सर्वांत घसघशीत ताट वाढले जाते. निष्ठावंत खातेदाराच्या वाट्याला मात्र पुष्कळदा वाढदिवसाचा शुभेच्छासंदेश येतो.

याहून चमत्कारिक म्हणजे, पुष्कळ योजनांत काही खातेदारांना मुद्दाम वगळण्यात येते. त्यांचा काही दोष नसतो. ऑफर मिळालेल्यांनी खरोखर अधिक खर्च केला की काय हे ताडून पाहण्यास ऑफर न मिळालेल्यांचा एक गट लागतो, आणि त्या गटात कोणी जावयाचे हे नुसत्या चिठ्ठीप्रमाणे ठरते. औषधांच्या चाचणीत ही पद्धत सर्वमान्य आहे; तेथे मात्र रुग्णाची संमती घेतात. आपला फ्रिज दोन हजारांनी महाग पडला याचे कारण आपण एका प्रयोगातील तुलनेचा नमुना होतो, हे आपल्या दुसऱ्या कामगाराच्या स्वप्नातही येणार नाही.

उंबरठ्याचा हिशेब आणखी थोडा पुढे नेऊन पाहण्यासारखा आहे. पाचशे रुपयांच्या मोहाने ज्याने चार हजारांची जादा खरेदी केली आणि दहा हजारांचे बिल दोन महिने थकविले, त्याला महिना शेकडा साडेतीनच्या आसपासच्या दराने सातशे रुपये व्याज आणि वर त्यावरचा वस्तू व सेवा कर भरावा लागतो. मिळालेले पाचशे त्यात केव्हाच वाहून जातात. ज्याच्या खर्चात असा ताण आहे हे यंत्राला सर्वांआधी कळते, आणि त्याच माहितीच्या बळावर त्याला आणखी खर्चाचे आमंत्रण देता येते, ही गोष्ट मला सवलत नाकारण्यापेक्षाही अधिक गंभीर वाटते.

सवलत नाकारली जाते तीही काही ठरलेल्या दिशेनेच. महाळुंगे, खराबवाडी, निघोजे, कुरुळी, नाणेकरवाडी ही चाकणभोवतीची गावे आज खोल्यांच्या चाळींनी भरून गेली आहेत, आणि त्या खोल्यांतून बीड, लातूर, नांदेडपासून बिहार-ओडिशापर्यंतची मुले दाटीवाटीने राहतात. त्यांतल्या बहुतेकांचा पगार ठेकेदारामार्फत खात्यात जमा होतो. त्यांचा खर्च कशावर होतो? खोलीचे भाडे खोलीमालकाच्या वैयक्तिक यूपीआयवर, मेसचे पैसे मेसवाल्या बाईंच्या मुलाच्या मोबाइल नंबरावर, उरलेली रक्कम गावाकडे आईच्या खात्यावर. बँकेच्या दृष्टीने हे सगळे माणसाने माणसाला पाठविलेले पैसे आहेत. त्यात दुकान नाही, संकेतांक नाही, म्हणून ‘खर्च करणारा ग्राहक’ही नाही. याउलट वाकड किंवा हिंजवडीच्या बाजूला राहणारा, मॉलमध्ये किराणा भरणारा आणि शनिवारी साखळी-उपाहारगृहात जेवणारा अभियंता यंत्राला लख्ख दिसतो, आणि जो दिसतो त्याच्यासाठी ऑफर तयार होते. येथे कोणी जात विचारलेली नाही, गाव विचारलेले नाही, उत्पन्नाचा दाखलाही मागितलेला नाही. तरीसुद्धा सवलतीचा ओघ ज्याच्याकडे आधीच चार पैसे शिल्लक आहेत त्याच्या अंगणात जाऊन थांबतो.

हा पैसा येतो कोठून, हेही पाहिले पाहिजे. त्याचा काही भाग एखादी कंपनी आपला माल खपविण्यासाठी देते, काही भाग बँक व्याजाच्या आणि शुल्काच्या उत्पन्नातून देते, आणि बराचसा भाग दुकानदाराकडून येतो. क्रेडिट कार्डाने शंभर रुपयांची विक्री झाली की शुल्क वजा जाता दुकानदाराच्या हाती साधारण अठ्ठ्याण्णव-साडेअठ्ठ्याण्णव पडतात. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवरील हे शुल्क केंद्र सरकारने १ जानेवारी २०२० पासून शून्य केले. क्रेडिट कार्डावरील मात्र कायम आहे. दुकानदार ते स्वतःच्या खिशातून कायमचे भरीत राहील असे मानणे भाबडेपणाचे. तो ते मालाच्या भावात घालतो, आणि तो भाव रोख पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकालाही लागू होतो. अमेरिकेत बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली असा हिशेब मांडला की, रोखीने व्यवहार करणारे सरासरी कुटुंब या आडमार्गाने वर्षाला १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे पाठविते, आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला वर्षाला १,१३३ डॉलर मिळतात. आपल्याकडचे आकडे निराळे असतील, कारण आपल्याकडे यूपीआयने बाजाराचे रूपच पालटले आहे. पण पैशाच्या प्रवाहाची दिशा वेगळी असण्याचे कारण दिसत नाही.

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभी केलेली पिंपरी कॅम्पातली बाजारपेठ या प्रश्नाची दुसरी बाजू सांगेल. त्या गल्ल्यांतला कापडवाला किंवा भांडीवाला वर्षानुवर्षे ओळखीच्या गिऱ्हाइकाला दोन पैसे कमी लावीत आला. आता तेच गिऱ्हाईक मोबाइल पुढे करून दाखविते की हीच वस्तू ऑनलाइन संकेतस्थळावर अमुक बँकेच्या कार्डावर दहा टक्के स्वस्त आहे. हा दहा टक्क्यांचा फरक त्याच्या स्पर्धकाच्या कार्यक्षमतेतून आलेला नसतो, तो बँकेच्या करारातून आलेला असतो, आणि तसा करार करण्यास त्याच्या दारी कोणतीही बँक येत नाही. व्यापाऱ्यांच्या ‘कॅट’ या अखिल भारतीय महासंघाने २०२० मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांकडे हीच तक्रार नेली होती.

यावर एक उत्तर ठरलेले आहे: कॅशबॅक ही देणगी आहे, देणाऱ्याने ती कोणाला द्यावी हा त्याचा प्रश्न, आणि न मिळालेल्याचे काही हिरावून घेतलेले नाही. या युक्तिवादात तथ्यांश आहे. मालवाहू ट्रक चालविणाऱ्याला डिझेलवर आणि तान्ह्या बाळाच्या आईला बालआहारावर सवलत देऊ केली तर त्यात आक्षेपार्ह असे काही नाही. सर्वांना सर्वच ऑफर पाठविणे हा निव्वळ उपद्रव ठरेल. भेद करणे हे व्यापारात पूर्वापार चालत आले आहे. ड्यूप्वी नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८४९ सालीच दाखवून दिले होते की, रेल्वे कंपन्या तिसऱ्या वर्गाच्या डब्याला छप्पर घालीत नाहीत ते खर्च वाचावा म्हणून नव्हे, तर ज्याला दुसऱ्या वर्गाचे तिकीट परवडते त्याला तिसऱ्या वर्गात बसण्याची भीती वाटावी म्हणून. क्रूर होती खरी ती पद्धत; पण निदान प्रवाशाला बिनछपराचा डबा डोळ्यांनी दिसत होता, आणि तिकिटाचे दर फलाटावर लिहिलेले होते.

महाराष्ट्रातील शेतमालाच्या बाजारांत एके काळी सौदे रुमालाखाली होत. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचे हात रुमालाखाली धरीत, बोटांच्या दाबांनी भाव ठरे, आणि ज्याचा माल तो शेतकरी शेजारी उभा राहून केवळ रुमालाची हालचाल पाही. या हत्ता पद्धतीत प्रत्येक सौदा लबाडीचाच असे, असे नाही. कित्येक अडत्ये प्रामाणिक असतील, कित्येकदा भावही रास्त मिळत असेल. परंतु तो रास्त आहे हे ताडून पाहण्याचे कोणतेही साधन शेतकऱ्याच्या हाती नव्हते, आणि म्हणूनच बाजार समित्यांच्या कायद्यांनी, प्रथम १९३९ च्या मुंबई इलाख्याच्या आणि नंतर १९६३ च्या महाराष्ट्राच्या, उघड लिलावाचा आग्रह धरला. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार मोटारींच्या कारखान्यांहून कितीतरी जुना आहे. तेथे आजही एकाच्या कांद्याला जो भाव पुकारला जातो तो शेजारच्या ढिगाला मिळत नाही. आकार, वाळवण, पत्ती पाहून दर बदलतो. पण तो मोठ्याने पुकारला जातो, शेजाऱ्याच्या कानांवर पडतो, आणि आपला माल कोठे कमी पडला हे त्याला तेथेच कळते. कायद्याने समान भाव दिला नाही. ऐकू येणारा भाव दिला. बँकांच्या व्यक्तिगत ऑफरींनी, माझ्या मते, तो रुमाल पुन्हा अंथरला आहे, आणि तोही अशा काळात जेव्हा वेष्टनावर छापील कमाल किंमत एकच असते. छापील भाव सर्वांना एक, आणि परतावा ज्याचा त्याला गुपचूप वेगळा, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात ‘शून्य टक्के व्याजा’च्या योजनांना हरकत घेतली. व्याज नाही असे म्हणावयाचे आणि प्रक्रियाशुल्काच्या बुरख्याआड तेच वसूल करावयाचे, हा प्रकार ग्राहकाची दिशाभूल करणारा आहे, असा तिचा अभिप्राय होता. डिसेंबर २०१४ मध्ये तिने ग्राहक हक्कांची सनद काढली. न्याय्य वागणूक हा त्या सनदेतील पहिला हक्क. लिंग, वय, धर्म, जात वा शारीरिक क्षमता यांवरून ग्राहकांत अन्याय्य भेद करू नये, असे ती बजावते. मात्र विशिष्ट गटांसाठी खास योजना आखण्याची, आणि समर्थनीय आर्थिक कारण असल्यास ग्राहकाग्राहकांत फरक करण्याची मुभाही याच हक्काच्या जोडीने ठेवलेली आहे. प्रश्न असा की, कारण समर्थनीय आहे की नाही हे ठरवावयाचे कोणी, जर ते कोणाला सांगितलेच जात नसेल? लोकपालाकडे जावे, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत बँकेचा ‘व्यावसायिक निर्णय’ हा तक्रारीचा विषय होऊच शकत नाही. जाहीर केलेले कॅशबॅक बँकेने अटी पुऱ्या होऊनही दिले नाही, तर ती सेवेतील उणीव ठरते आणि दाद मागता येते; ऑफरच दिली नाही, तर येत नाही.

इतरत्र थोडे पाऊल पुढे पडले आहे. युरोपीय संघात मे २०२२ पासून असा दंडक आहे की, ग्राहकाच्या व्यक्तिगत माहितीवरून संगणकाने किंमत ठरविली असेल तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने जानेवारी २०२२ पासून घराच्या आणि मोटारीच्या विम्यात जुन्या ग्राहकाला नूतनीकरणाच्या वेळी नव्यापेक्षा अधिक हप्ता लावण्यास मनाई केली. म्हणजे निष्ठेचा दंड तेथे बेकायदा ठरला. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०२५ मध्ये ओला आणि उबर यांना, आयफोनवाल्यास एक भाडे आणि अँड्रॉइडवाल्यास दुसरे असे होते काय, याबद्दल नोटिसा धाडल्या. बँकांच्या ऑफरींबाबत तसा प्रश्न अधिकृतपणे विचारला गेल्याचे माझ्या वाचनात नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई आय. आय. टी.चे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी रिझर्व्ह बँकेला जो अहवाल दिला, त्यातील सात सूत्रांत न्याय्यता व समता हे एक आहे आणि यंत्राचा निर्णय समजण्याजोगा असावा हे दुसरे. सूत्रे उत्तम आहेत. खातेदाराच्या हाती पडेल असे कलम मात्र त्यातून अद्याप निपजावयाचे आहे.

त्यातल्या त्यात उपयोगी पडेल असा दस्तऐवज म्हणजे २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावयाच्या आहेत. आपल्या माहितीचा वापर कोणत्या कारणासाठी होणार याची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येईल. कोणती माहिती कशी वापरली याचा गोषवारा मागता येईल. दिलेली संमती परत घेता येईल. पगार जमा करण्यासाठी दिलेली माहिती ऑफर बेतण्यासाठी वापरावयाची, तर त्यासाठी निराळी संमती लागावी, असाच या कायद्याचा सरळ अर्थ मी तरी लावतो. बँका तो तसाच लावतील याविषयी मला फारशी खात्री नाही.

परंतु कॅशबॅकच्या दोन हजारांकडे पाहता पाहता त्याच्या मुळाशी असलेल्या वर्गवारीकडे दुर्लक्ष होऊ नये. कारखान्यात परमनंट असलेल्याचे खाते हे कंपनीच्या नावावर मिळालेले सॅलरी अकाउंट असते. कंपनीची पत पाहून बँक तिला वरची श्रेणी देते, आणि त्या श्रेणीबरोबर ऑफरींखेरीज स्वस्त कर्ज आणि मोठ्या रकमेचा अपघात विमाही येतो. ठेकेदाराकडच्या मुलाचे खाते बहुधा झिरो बॅलन्सचे. ते जनधनचे असेल तर रुपे कार्डावरचा अपघात विमा फार तर दोन लाखांचा, आणि तोही गेल्या नव्वद दिवसांत कार्ड वापरले असेल तरच. कार्ड नव्वद दिवसांत वापरावे लागते हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते, आणि मेसचे पैसे तो यूपीआयने भरतो. प्रेसमशीन दोघांच्याही बोटांना सारखेच धोक्याचे असते. या पट्ट्यात कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात दर काही वर्षांनी वेतनकरार होतात. त्यांत कॅन्टीन, बस, गणवेश, मेडिक्लेम यांवर रात्र रात्र घासाघीस चालते. कारखान्याच्या पगाराची खाती कोणत्या बँकेकडे आणि कोणत्या श्रेणीत जावयाची हे त्याच इमारतीत, वित्त विभागाच्या खोलीत, निराळ्या बैठकीत ठरते, आणि त्या बैठकीच्या कार्यपत्रिकेवर ठेकेदाराच्या कामगारांची खाती हा विषय नसतो.